जीर्णोद्धार कशाचा करावयाचा?

पंढरीचा देव कशावर उभा आहे हे लहान पोरासही ठाऊक आहे. पुंडलिक आईबापांच्या सेवेत गुंतलेला, देव दारी आला, ‘जरा थांब’ म्हणून पुंडलिकाने हाताशी होती ती वीट मागे टाकली, आणि देव तीवर उभा राहिला तो अजून उभाच आहे. ही कथा आपण कीर्तनातून शेकडो वेळा ऐकतो. पण तिच्यातील एक लहानशी गोष्ट आमच्या ध्यानात फार उशिरा आली. एवढा वैकुंठीचा राणा, पण ‘ही वीट ओबडधोबड आहे, बरीशी घडीव बैठक आण’ असे काही तो पुंडलिकास बोलला नाही. भक्ताने दिले त्यावर पाय ठेवले आणि ते कायमचे आपले केले. देवाने वीट बदलून मागितली नाही. आपण मात्र देवाचे घर बदलण्यास फार उतावीळ झालो आहोत.

हे सुचण्यास कारण घडले, ते सांगतो. त्यात आमचीच चूक असल्यामुळे सांगण्यास संकोच वाटतो, पण वारकऱ्याने आपले दोष चारचौघांत सांगावे हेच बरे.

आमच्या गावचे विठ्ठलमंदिर पालखीच्या वाटेपासून कोसभर आत आहे. गाभारा काळ्या दगडाचा, चिरेबंदी. पुढे सागवानी खांबांचा सभामंडप, वर कडीपाट, दोन्ही बाजूंस पक्क्या विटांच्या, चुन्यात बांधलेल्या भिंती. पंचवीसएक वर्षांपूर्वी आम्ही मंडळाचे चिटणीस होतो व वर्गणीचे पुस्तक आमच्याच काखेत असे. भिंतीचा चुना ठिकठिकाणी पडला होता. आम्ही ठरविले की देऊळ कसे चकचकीत झाले पाहिजे! भिंतींना सिमेंटचा गिलावा केला, खांबांना तैलरंग फासला, खाली गुळगुळीत फरशी घातली. काम चालू असता गावातील एक वृद्ध गवंडी काठी टेकीत आले. त्यांच्या आज्यापणज्यांनी म्हणे त्याच देवळाच्या ओवऱ्या बांधल्या होत्या. भिंतीवर हात ठेवून ते म्हणाले, “माउली, भिंतीला श्वास घेऊ द्या. तोंड दाबलं तर ती आतून कुजंल.” आम्ही हसून म्हटले, “बाबा, आता चुन्याचा जमाना गेला.” ते काही बोलले नाहीत. देवाला हात जोडले आणि गेले.

तिसऱ्या पावसाळ्यात गिलावा फुगला. चौथ्या पावसाळ्यात पोपडे पडू लागले, भिंतीस कमरेइतका लोणा चढला. एक पोपडा उचकटून पाहिला तर आतल्या विटेची माती होऊन हातात आली. जी भिंत आमच्या चार पिढ्यांनी पाहिली, तिची आम्ही चार वर्षांत ही दशा केली! तोवर ते गवंडीबाबा वैकुंठवासी झाले होते. क्षमा मागण्यास माणूस उरला नव्हता.

आता याचे कारण काय, ते ऐका. कारण हे समजले नाही तर गावोगाव अशीच भक्ती होत राहील. जुनी भिंत जमिनीतील ओल शोषते व ती हळूहळू वाऱ्यास देऊन टाकते. चुना मऊ आणि सच्छिद्र असल्यामुळे ही ये-जा चालू राहते. सिमेंट कठीण आणि घट्ट. त्याच्यामागे ओल अडकते, पाण्याबरोबर आलेले क्षार आत साठतात, स्फटिक होऊन फुगतात आणि वीट, दगड, जे नरम असेल ते फोडतात. चुना करण्यास वेळ लागतो. चुनखडी भट्टीत भाजावी लागते, पाण्यात विझवावी लागते, कित्येक दिवस मुरवावी लागते, मग वाळू व विटांची भुकटी घालून घाणीत मळावी लागते. बैल फिरतो, दगडी चाक फिरते, त्यात कोणी गुळाचे पाणी घाली, कोणी हिरड्याचे, कोणी बेलफळाचा गर. असा चुना भिंतीस लागल्यावर हवेतील वायू घेऊन पुन्हा हळूहळू दगड होतो. दगडातून निघाला, दगडास मिळाला! आमच्या देवळामागे ती घाणी अजून आहे. तिचे चाक मोडून पडले आहे आणि त्यावर पोरे बसून गोट्या खेळतात.

एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होते. पण गेल्या वर्षी नवीच गोष्ट निघाली. शहरात भाग्य उजळलेल्या एका गावकऱ्याने निरोप धाडला की, सभामंडप पाडा, स्लॅबचा नवा बांधा, वर मोठा घुमट करा, सगळा खर्च मी देतो, मात्र महाद्वारावर वडिलांचे नाव संगमरवरात कोरावे. एकादशीला सभा भरली. तरुण मंडळी हरखून गेली होती. आम्ही मात्र गप्प होतो. ज्याने भिंत कुजविली त्याने कोणत्या तोंडाने बोलावे? तेवढ्यात मागून एक म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, “आमच्या सासूबाई ह्या डावीकडच्या खांबाला टेकून हरिपाठ म्हणायच्या. त्यांच्यामागं मी टेकते. खांब पाडला तर मी टेकू कशाला रे?” सगळे हसले. पण त्या हसण्यातच सभा मोडली आणि निर्णय पुढे गेला.

वाचकहो, त्या आजींच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तेव्हापासून शोधीत आहो. जीर्णोद्धार जीर्णोद्धार म्हणतात, तो कशाचा करावयाचा? जे जीर्ण झाले आहे त्याला उद्धरायचे, की त्याला पाडून त्याच्या जागी दुसरेच काही उभे करायचे?

पहिला आक्षेप आपल्याच संप्रदायातून येईल. कोणी म्हणेल, “अहो, देव काय दगडात आहे? संतांनी तर देह हेच देऊळ म्हटले. मग खांब सागाचा असला काय आणि सिमेंटचा असला काय?” आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच तो उलटा लागतो. देव दगडात नाही हे ज्याला कळले, त्याला चकचकीत दगडाची हाव कशास हवी? देव घुमटात नाही तर घुमटासाठी साधा मंडप का पाडावा? जुन्या खांबाचा आम्हांस जो लळा आहे तो लाकडाचा नाही. त्या खांबाशी जी सेवा घडली तिचा आहे. सुताराने रंधा मारला, कोणी तेल दिले, कोणी टेकून नाम घेतले. गोरोबांचे मडके, सावतोबांचा मळा, नरहरी सोनारांची कलाकुसर हे सारे आपण भजनाच्या पंक्तीला बसविले ना? मग पाथरवटाच्या टाकीचे घाव आणि गवंड्याची थापी तेवढी पंक्तीबाहेर का?

दुसरा आक्षेप असा की, पूर्वीच्या लोकांनीही नवे बांधलेच की! अहिल्याबाई होळकरांनी काशीविश्वेश्वराचे देऊळ १७८० साली नव्याने उभे केले, ते काय चूक होते? मुळीच नाही. पण काशीचे देऊळ पाडले गेले होते. जे नव्हते ते त्यांनी दिले. उभे असलेले, वापरातले, चार जुने हात लागलेले पाडून आपले नवे करणे ही गोष्ट वेगळी. जपानात ईसे येथे एक देवस्थान आहे. ते दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेत नवे बांधतात. २०१३ साली ते बासष्टाव्या वेळी बांधले गेले. हे ऐकून कोणी म्हणेल, पाहा, तेही नवेच करतात. पण ते त्याच जातीच्या लाकडाचे, त्याच मापाचे, त्याच रीतीने बांधतात. आणि बांधता बांधता जुने सुतार नव्या सुतारांस हात देतात. तेथे लाकूड नवे होते, विद्या तीच राहते. आपण लाकूडही टाकतो आणि विद्याही टाकतो. आमच्या गवंडीबाबांचा मुलगा आज शहरात सेंट्रिंगच्या कामावर जातो. त्यात त्याचा काय दोष? त्याला चुना मळण्यास गावाने कधी बोलावलेच नाही.

मग जीर्णोद्धाराची रीत कोणती? ती शोधण्यास आम्हांला फार लांब जावे लागले नाही. नाथमहाराजांनीच ती घालून दिली आहे. परंपरा सांगते की, ज्ञानोबामाउलींनी त्यांस दृष्टान्त दिला, अजानवृक्षाची मुळी कंठास लागली आहे ती येऊन काढ. नाथ आळंदीस आले. त्यांनी काय केले? समाधी मोडून मोठी बांधली नाही. जी मुळी टोचत होती तेवढी काढली. पुढे शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. नकलून नकलून तीत जे अपपाठ शिरले होते ते काढले, आणि पुढच्यांनी त्यात आपली ओवी घालू नये अशी ताकीद देऊन ठेवली. विचार करा, नाथांएवढा कवी! भागवतावर टीका लिहिणारा! त्यांना शंभर ओव्या सहज जोडता आल्या असत्या. पण माउलींच्या ग्रंथात त्यांनी स्वतःचे काही मिसळले नाही. आम्हांस वाटते, हाच जीर्णोद्धाराचा मूळ धडा आहे. बोचते ते काढावे, मागाहून घुसलेले आणि मुळास मारक झालेले दूर करावे, आणि आपली ओवी घालू नये. देवळावर आपल्या नावाचा संगमरवर लावणे ही आपली ओवी घालणेच नव्हे काय?

नावाचा विषय निघाला म्हणून आणखी एक सांगतो. पंढरीच्या देवळात चौऱ्याऐंशीचा शिलालेख प्रसिद्ध आहे. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ.स. १२७३ ते १२७७ या काळातील, रामदेवराव यादवांच्या वेळचा. त्यात देवळास देणगी देणाऱ्या भक्तांच्या नोंदी आहेत. म्हणजे देणगीदारांची नावे कोरण्याची चाल जुनीच आहे, हे आम्ही प्रांजळपणे कबूल करतो. पण पुढे झाले काय? भाविकांनी त्या लेखास पाठ घासली, चौऱ्याऐंशीचा फेरा चुकावा म्हणून. घासता घासता अक्षरे झिजली. नाव राखण्यासाठी जो दगड उभा केला त्यावरचे नावच लोकांच्या पाठीने पुसत आणले. इतिहासाच्या दृष्टीने हे बरे झाले नाही, तो लेख जपलाच पाहिजे. पण नावाची गती काय असते हे तेथे उभे राहिले की कळते. आणि तो लेख ज्याने छिन्नीने कोरला, त्याला तर कोणी आठवतही नाही.

बांधणाऱ्यांपैकी एकच नाव आपल्याला तोंडपाठ आहे, चोखोबांचे. शके १२६० मध्ये, म्हणजे १३३८ साली, मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू होते. कूस कोसळली व मजूर खाली गाडले गेले, त्यांत चोखोबा होते. नामदेवराय आले, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून उचलल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी केली, अशी कथा आहे. महाद्वाराशी नामदेवांची पायरी, समोर चोखोबांची समाधी. ही कथा जुन्या इमारतीचा अभिमान बाळगणाऱ्याने नित्य ध्यानात ठेवावी. भिंत कितीही जुनी, कितीही सुंदर असो, माणसाच्या जिवाहून ती मोठी नाही. जी तुळई खरोखरच मोडकळीस आली ती उतरविलीच पाहिजे, आणि ती उतरविताना परातीवर काम करणाऱ्या बाईच्या डोक्यावर चिरा पडता कामा नये. दुर्लक्ष करून भिंत पडू देणे हेही पापच आहे.

आणि जुने तेवढे सगळेच राखावे, असे तरी आम्ही कोठे म्हणतो? ज्या देवळापुढे चोखोबांची समाधी आहे त्याच देवळात त्यांच्या जातीच्या माणसास शेकडो वर्षे पाऊल टाकता येत नव्हते. तीही जुनी चालच होती. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणास लावून उपोषण केले आणि ते दार उघडण्याची वाट मोकळी झाली. ती चाल मोडली ते योग्यच झाले. पण नीट पाहा, ते दार उघडताना देवळाचा एक चिराही हलवावा लागला नाही. पाडायचे ते काय आणि राखायचे ते काय, याचा निवाडा येथे होतो. ज्याने माणूस बाहेर राहतो ते पाडावे, ज्याने माणूस टेकतो ते राखावे.

पंढरीस २०२४ साली जे काम झाले ते ज्यांनी पाहिले त्यांना आमचे म्हणणे लवकर पटेल. मार्चपासून जूनच्या आरंभापर्यंत पायांवरचे दर्शन बंद होते, तेव्हा पुष्कळांच्या जिवाची तगमग झाली, आमचीही झाली. पण गाभाऱ्यातील चांदी उतरविली, मागाहून बसविलेल्या फरश्या काढल्या, भिंतींवरचे थर काढले, तेव्हा खालून जुना पाषाण उघडा झाला. ज्यांनी पुन्हा दर्शन घेतले ते म्हणू लागले, “देवाचे घर आज खरे दिसले.” आपल्या भक्तीनेच आपण देवाचे घर झाकले होते! चांदी देणाऱ्याचा भाव खोटा नव्हता. फरशी बसविणाऱ्याचाही नव्हता, जसा आमचा तैलरंगाचा भाव खोटा नव्हता. पण भाव चांगला असून काम वाईट होऊ शकते, हे पन्नाशी उलटल्यावर आम्हांस कळले.

मालकीचाही प्रश्न यात आहे. पंढरीच्या देवळातील वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या कायद्याने संपविले आणि त्यावर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब झाले. आपण म्हणालो, देव कोणा घराण्याचा नाही. बरोबर! पण मग तो मंडळाच्या चिटणीसाचाही नाही, वर्गणीदाराचाही नाही, आणि आजच्या पिढीचाही नाही. ज्यांनी बांधले ते गेले, ज्यांनी पुढे टेकावयाचे ते अजून जन्मले नाहीत. मध्ये आपण चार दिवसांचे राखणदार. राखणदाराने दुसऱ्याच्या ठेवीत फेरफार करू नये, आणि ठेव कुजूही देऊ नये.

तर मग करावे काय? ज्या गावात असे जुने देऊळ आहे तेथील मंडळींनी पुढील साध्या गोष्टी कराव्या. मृगापूर्वी शिखरावर व छतावर चढून कचरा काढावा, पन्हाळी मोकळ्या कराव्या. पिंपळाचे, वडाचे रोप बोटाएवढे असतानाच काढावे, मुळी भिंतीत शिरल्यावर ती ओढून काढली तर चिरा निखळतो. जोत्याशी पाणी साठू देऊ नये. चुन्याच्या भिंतीस सिमेंट लावू नये, दगडास तैलरंग फासू नये. विजेच्या तारांसाठी कोरीव दगडास भोके पाडू नयेत. खांबाचा बुंधा कुजला तर तेवढाच कापून नवे लाकूड सांध्यात बसवावे, सगळा खांब फेकू नये. यात्रेकरूंस पाणी, शौचालय, निवारा हवा, तो अवश्य बांधावा, पण आवारात वेगळ्या जागी, जुने न तोडता. काय काम केव्हा केले त्याची एक वही ठेवावी. काम काढण्यापूर्वी जाणत्या माणसास विचारावे, आणि गावात चुना जाणणारा एखादा हात उरला असेल तर त्याच्यापाशी दोन पोरे शिकावयास बसवावी. ह्या कामांत कोणाचे नाव संगमरवरात लागत नाही. म्हणूनच ती होत नाहीत! कळसासाठी लाख रुपये जमतात, पन्हाळ काढण्यास माणूस मिळत नाही. जनाबाईंच्या झाडलोटीला देव हातभार लावीत असे, अशी आपली श्रद्धा आहे. देव कळस बसविण्यास आल्याची कथा आम्ही तरी ऐकलेली नाही.

शेवटी आमच्या गावचे सांगतो. गेल्या उन्हाळ्यात आम्ही सभामंडपाच्या उत्तर भिंतीचा चार हात सिमेंट गिलावा उतरविला. गवंडीबाबांच्या मुलास शहरातून बोलावून घेतले. तो प्रथम म्हणाला, “मला येत नाही, बाबांनी करताना लहानपणी बघितलंय तेवढंच.” पण हात चुन्यात गेल्यावर हाताला आठवत गेले. दोन वेळा बिघडले, तिसऱ्या वेळी जमले. पावसाळा गेला. बाकीची भिंत अजून ओली आहे, तेवढा तुकडा कोरडा आहे. आम्ही रोज काकड्याला जाताना तेथे हात लावून पाहतो.

मंडपाचा निर्णय कार्तिकी एकादशीच्या सभेत व्हावयाचा आहे. शहरातील त्या सद्गृहस्थांस आम्ही पत्र लिहिले आहे की, आपले द्रव्य आम्हांस शिरसावंद्य आहे, वडिलांच्या नावे दर साल मंडपाची देखभाल व्हावी आणि चुन्याची घाणी पुन्हा चालू व्हावी यासाठी ते द्यावे, दगडावर नाव मात्र घालू नये. उत्तर अजून आलेले नाही. सभेत आमच्या बाजूने किती हात वर होतील हेही सांगवत नाही. पण या वेळी आम्ही गप्प बसणार नाही. त्या आजी डावीकडच्या खांबाला टेकून बसलेल्या असतील, आम्ही त्यांच्या शेजारी बसू आणि भिंत कोणी कुजविली तेथपासून सगळे सांगू.

रामकृष्णहरि.